चाई

माझ्या डोक्यावरची पहिली चाई मला दिसली नाही, पार्लरमधल्या मुलीला दिसली. २०२१ ची दिवाळी पंधरा-वीस दिवसांवर आली होती आणि मी केस रंगवून घ्यायला बसले होते. केसांचे भाग पाडता पाडता तिचा हात थांबला. "मैडम, यहाँ थोड़ी जगह खाली है," असं म्हणून तिनं मागून आरसा धरला. डाव्या कानाच्या वर रुपयाच्या नाण्याएवढी गुळगुळीत, जराशी चकाकणारी जागा. खाज नाही, पुरळ नाही, दुखणं नाही. तिथे केस कधी नव्हतेच असं वाटावं.

घरी सासूबाईंनी चष्मा पुसून पाहिलं आणि म्हणाल्या, "चाई आहे. आमच्या अकोल्याकडे गुंज उगाळून लावायचे. येतील परत." शेजारच्या काकूंनी कांद्याचा रस सांगितला. भांडी घासायला येणारी बाई म्हणाली, "कीरा खा डारिस ओ दीदी," म्हणजे किड्यानं खाल्लं. आणि कंकाली तरियाचं पाणी लाव म्हणून सुचवलं, त्या तलावाच्या पाण्यानं कातडीचे रोग जातात म्हणे. आम्ही ब्राह्मणपाऱ्यात राहतो, कंकाली तलाव घरापासून पायी अंतरावर. मी पाणी सोडून बाकी सगळं लावलं.

रायपूर ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते. पारा म्हणजे आपली आळी. ब्राह्मणपारा, तात्यापारा, बूढापारा असे जुन्या शहरातले पारे एकमेकांना चिकटून आहेत. नागपूरकर भोसल्यांची सत्ता १७४१ नंतर छत्तीसगढात आली, तिच्या मागोमाग आणि पुढे इंग्रजी अमदानीत नोकरीधंद्यासाठी मराठी घरं इथे येत राहिली. माधवराव सप्र्यांसारखा माणूस इथे राहून हिंदीचा लेखक-संपादक झाला. माझं माहेर तात्यापाऱ्यात, सासर ब्राह्मणपाऱ्यात, मधे दहा मिनिटांची चाल. त्यामुळे मला लहानपणापासून ओळखत नाही असं माणूस या वाटेवर क्वचितच. एरवी ही फार सुखाची गोष्ट आहे.

त्वचेच्या डॉक्टरांनी सांगितलं ते असं. आपल्या रक्तातल्या रोगाशी लढणाऱ्या पेशी चुकून केसांच्या मुळांनाच शत्रू समजतात. केस गळतो, पण मूळ मरत नाही. म्हणून केस परत येऊ शकतात, सहा महिन्यांनी, दहा वर्षांनी, किंवा येतही नाहीत. शंभरातल्या साधारण दोघांना आयुष्यात कधी ना कधी अशी चाई पडते. बहुतेकांची एकदोन ठिकाणांवर थांबते. थोड्यांचं सगळं डोकं जातं, त्याहून थोड्यांचे अंगावरचे सगळेच केस. "तुमचं कुठे थांबेल ते आज सांगता येत नाही," असं ते म्हणाले. मी शाळेत आठवी-नववीला गणित शिकवते. शंभरात दोन हा आकडा मी त्या दिवशी घरी येईपर्यंत मनाशी घोळवला आणि अठ्ठ्याण्णवांचा मला पहिल्यांदाच राग आला.

डोक्यात इंजेक्शनं झाली, मलमं झाली. एका नाण्याची पाच झाली, पाचांचा एक नकाशा झाला. संक्रांतीपर्यंत मी बट इकडची तिकडे वळवून भागवत होते. मार्चमध्ये, होळी झाल्यावर, भुवया गेल्या. मग पापण्या. तेव्हा मला कळलं की हे केस शोभेचे नसतात. पापण्या नसल्या की रायपूरच्या उन्हाळ्यातला घाम आणि धूळ थेट डोळ्यांत उतरते. नाकातले केस गेले की नाक नकळत वाहतं, वर्गात फळ्याकडे तोंड करून पुसावं लागतं.

पण जे सांगायचं आहे ते घामाचं नाही. "केसच तर आहेत," हे वाक्य त्या वर्षात मी किती जणांकडून ऐकलं याची गणती नाही. बोलणारे सगळे माझे हितचिंतक होते आणि म्हणत होते तेही खरंच होतं. केस गेल्यानं माणूस मरत नाही, आंधळं होत नाही, दोन घास कमी खात नाही. म्हणूनच त्याचं दुःख करायला लाज वाटते. आधी दुःख, मग एवढ्याशा गोष्टीचं दुःख करते म्हणून स्वतःचा राग, मग तो राग लपवण्यासाठी चेहऱ्यावर आणलेलं हसू. असे तीन थर घेऊन मी रोज शाळेत जात होते.

हळूहळू मी बदलत गेले ते मला नंतर दिसलं. पंख्याखाली बसायचं सोडलं. लग्नांना जायचं सोडलं, आधी कारणं देऊन, मग कारणं न देता. रात्री झोपतानाही डोक्याला रुमाल. नवऱ्यानं दोनदा सांगितलं की काढ, उकडतंय. मी काढला नाही. न्हाणीघरातल्या आरशावर मी टॉवेल टाकून ठेवायला लागले. भुवया नसलेला चेहरा कुणाचाच नसतो. तो रागावलेला दिसत नाही, आनंदलेला दिसत नाही, त्याला वयही नसतं. पन्नाशीला आलेल्या बाईला आपण सुंदर दिसावं अशी फार आस नसते, निदान मला नव्हती. मला फक्त आरशात मी दिसायला हवी होते.

त्याच महिन्याच्या शेवटी, २८ मार्च २०२२ च्या सकाळी, ऑस्करच्या समारंभात विल स्मिथनं मंचावर जाऊन ख्रिस रॉकच्या थोबाडीत मारली. त्याच्या बायकोच्या डोक्यावर केस नव्हते, त्यावरून विनोद झाला होता. तिला चाईच होती. आमच्याकडे दिवसभर टीव्हीवर ती थप्पड पुन्हा पुन्हा चालू होती. घरातलं कुणीच माझ्याकडे बघत नव्हतं. मारणं चूक की बरोबर यावर सगळीकडे वाद चालला होता आणि मी फक्त तिचा चेहरा बघत होते, विनोद झाल्यावर तिनं डोळे फिरवले तो क्षण. इतका पैसा, इतकी कीर्ती, इतकं देखणेपण, आणि तरी तो क्षण तिला चुकला नव्हता.

त्या रात्री नवरा म्हणाला, "मी तुला बघायला आलो होतो तेव्हाचं आठवतं?" मला आठवत होतं. १९९६ साली तो तात्यापाऱ्यात आला तेव्हा डाव्या कानाजवळचे लांब केस उजवीकडे नेऊन चोपून बसवलेले होते, आणि पंखा चालू करू का असं माझ्या वडिलांनी विचारल्यावर तो घाईघाईनं नको म्हणाला होता. मे महिना होता. आम्ही बहिणी नंतर त्यावरून पोट दुखेपर्यंत हसलो होतो. "त्याआधी दोन ठिकाणांहून नकार आला होता," तो म्हणाला. "एकीच्या घरून तर सरळ सांगितलं होतं, मुलगा टकला आहे. मी गच्चीवर जाऊन रडलो होतो." सव्वीस वर्षांच्या संसारात हे त्यानं पहिल्यांदा सांगितलं. पुरुषाचं टक्कल आपल्याकडे विनोदाचा विषय आहे, आणि विनोदाचा विषय झालेल्या माणसाला रडायची सोय नसते. त्या रात्री मी रुमाल काढला. आरशावरचा टॉवेल मात्र काढला नाही.

मग टोप आणला. नागपूरहून, खऱ्या केसांचा, बावीस हजारांचा. रायपुरात मे महिन्यात पारा पंचेचाळिसाला टेकतो. तो टोप डोक्यावर म्हणजे उन्हाळ्यात लोकरीची टोपी. पण शाळेत पोरांनी "मैडम ने स्ट्रेटनिंग कराई है" म्हणून आपसात ठरवून टाकलं आणि मला श्वास घेता आला. जून गेला, जुलै गेला.

ऑगस्टमधल्या एका संध्याकाळी शाळेतून येताना मी भाजीवालीसमोर स्कूटर थांबवली. ती गेली पंधरा वर्षं त्याच कोपऱ्यावर पसरा मांडून बसते. मी हेल्मेट काढलं आणि हेल्मेटबरोबर टोपही आला. तो हेल्मेटच्या आत तसाच बसलेला, आणि मी रस्त्यावर उघड्या डोक्यानं. दोन पोरं बघत होती, एक रिक्षावाला बघत होता. भाजीवाली उठून उभी राहिली आणि तिनं आपल्या पदराचा आडोसा केला. मग हळू आवाजात विचारलं, "का होगे ओ दीदी? बड़े बीमारी आय का?"

मोठा आजार आहे का. आमच्या भागात मोठा आजार म्हणजे कुठला ते सांगावं लागत नाही.

मी मान हलवली. हो म्हणून.

मी खोटं बोलले असं म्हणता येईल का, याचा मी नंतर खूप कीस पाडला. तोंडातून शब्द गेला नव्हता. पण मान कुठल्या दिशेला हलली ते मला माहीत आहे आणि का हलली तेही माहीत आहे. चाई म्हटलं असतं तर तिनं कीरा म्हटलं असतं. लहानपणी आम्ही लूत भरलेल्या कुत्र्याला दगड मारायचो. माझ्या डोक्यात चाईची जागा त्या कुत्र्याशेजारी होती. कॅन्सरला मात्र मान असतो. कॅन्सर झालेलं माणूस झुंज देतं. त्याच्या उघड्या डोक्याकडे बघून लोक हात जोडतात. त्या क्षणी मला फक्त एवढंच हवं होतं की माझ्या डोक्याकडे कुणी किळसेनं बघू नये. भाजीवालीनं कोथिंबिरीची मोठी जुडी पिशवीत टाकली आणि तिचे पैसे घेतले नाहीत. पुढेही कधी घेतले नाहीत.

पाऱ्यात बातमी पसरायला फार दिवस लागत नाहीत. आठवड्याभरात काकूंनी डब्यातून खीर आणून दिली. ज्या बाई चार महिने माझ्या कपाळाकडे चोरून बघायच्या त्या डोळ्यांत बघून बोलायला लागल्या. देवळात मला पुढे जागा मिळू लागली. घरच्यांना हे कुठून आलं ते कळेना. नवऱ्यानं विचारलं तर मी म्हटलं, लोक काहीही बोलतात. म्हणजे हे खरं खोटं बोलणं झालं, शब्दांतलं. आणि एक कबूल करते, त्या दोन-तीन महिन्यांत मी बरी होते. टोप न घालता ओढणी बांधून बाहेर जाऊ लागले. खोट्या आजारानं मला खऱ्या आजारातून थोडं बाहेर काढलं.

नोव्हेंबरमध्ये काकू त्यांच्या भाचीला घेऊन आल्या. छत्तीस वर्षांची, दुर्गला राहणारी, सहा वर्षांचा मुलगा. स्तनाचा कॅन्सर. मेकाहारात, म्हणजे आमच्या आंबेडकर रुग्णालयात, उपचार सुरू झाले होते आणि पुढच्या सोमवारी पहिली केमो होती. "तू हिला जरा धीर दे," काकू मला म्हणाल्या. "तू यातून गेलीस ना." आणि चहा करते म्हणून आत सासूबाईंकडे गेल्या.

ती खुर्चीच्या कडेवर बसली होती. लांब वेणी पुढे घेतलेली, दोन्ही हातांनी धरलेली. तिनं मला ऑपरेशनबद्दल विचारलं नाही, खर्चाबद्दल विचारलं नाही. म्हणाली, "ताई, सगळे केस गेल्यावर पहिल्यांदा आरशात बघितलंत तेव्हा कोण दिसलं?"

हा प्रश्न मला आजवर कुणीच विचारला नव्हता. मला त्याचं उत्तर माहीत होतं आणि तिला ते देण्याचा मला अधिकार नव्हता. मी तिला सगळं सांगितलं. चाई, हेल्मेट, भाजीवाली, मान हलवणं. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे तुम्ही मरणार नव्हता."

"नाही."

"एकही दिवस तशी भीती वाटली नव्हती?"

"नाही."

काकू चहा घेऊन आल्या तेव्हा ती उभी राहिली होती. चहा न घेताच गेली. काकूंना तिनं काय सांगितलं कुणास ठाऊक, पण त्यानंतर खीर आली नाही, आणि सासूबाई आठ दिवस माझ्याशी कामापुरतं बोलल्या. नवरा एवढंच म्हणाला, "तू मलाही सांगितलं नाहीस." बरोबर होतं. ज्यानं मला गच्चीवरचं रडणं सांगितलं त्याला मी मान हलवलेली सांगितली नव्हती.

त्या दिवसांत मला माझी आत्याआजी फार आठवली. वडिलांची आत्या. जन्म १९०० च्या आसपासचा, बाराव्या वर्षी विधवा झाली, केस काढले आणि माहेरी परत आली ती कायमची. मी तिला पाहिली ती ऐंशीच्या घरातली, लाल आलवणातली, सोवळी. महिन्यातून एकदा नाऊ मागच्या अंगणात यायचा आणि ती खाली मान घालून त्याच्यासमोर बसायची. पार्वतीबाई आठवल्यांनी हिंगण्याच्या आश्रमाचं काम करताना १९१२ साली वपन सोडून पुन्हा केस वाढवले. आत्याआजीचा वस्तरा त्याच्या आगेमागेच सुरू झाला असणार. त्याच्याही वीसेक वर्षं आधी आगरकर या चालीविरुद्ध लिहीत होते, नारायण मेघाजी लोखंड्यांच्या पुढाकारानं मुंबईतले नाभिक विधवांच्या डोक्याला वस्तरा लावायचा नाही म्हणून एकत्र आले होते, आणि 'पण लक्षात कोण घेतो!' मधल्या यमूचं जे झालं ते वाचून मराठी घरं रडली होती. यातलं काहीच तात्यापाऱ्यातल्या त्या अंगणापर्यंत वेळेवर पोचलं नाही. पुढे घरातल्यांनी सांगितलं, आता राहू द्या केस. तिनंच नको म्हटलं. इतक्या वर्षांनी कुणासाठी, म्हणाली.

माझी वेणी तीच घालायची. रोज संध्याकाळी, ओसरीवर, खोबरेल लावून, दोन घट्ट वेण्या आणि लाल रिबिनी. एकदा मी विचारलं, आत्याआजी, तुझे केस कुठे गेले? ती म्हणाली, "गेले नाहीत गं, नेले." आणि फणी पुढे चालू ठेवली.

तिच्यात आणि माझ्यात हा फरक होता. तिचे केस दर महिन्याला उगवत आणि दर महिन्याला कुणीतरी ते काढून घेई. तिला रागवायला माणसं होती, जरी ती रागावल्याचं मी पाहिलं नाही. माझे केस कुणी नेले नाहीत. माझ्याच रक्तानं ते नको म्हटलं. कुणावर रागवू?

पण आत्याआजी आठवली की एक वेगळीच गोष्ट मागोमाग येते, आणि तिला मी चाळीस वर्षं आत येऊ दिलं नव्हतं. तिसरीत असताना आई आजारी होती म्हणून आठवडाभर आत्याआजी मला शाळेत सोडायला आली. चौथ्या दिवशी फाटकाशी तिचा पदर वाऱ्यानं मागे गेला आणि माझ्या वर्गातल्या मुली हसल्या. पाचव्या दिवशी मी घरातच सांगितलं, "तू नको येऊस." तिनं का म्हणून विचारलं नाही. त्यानंतर ती माझ्या शाळेकडे कधीच फिरकली नाही, गॅदरिंगला मी राधा झाले तेव्हाही नाही. १९८३ मध्ये ती गेली. वेणी मात्र शेवटच्या आजारपणापर्यंत तीच घालत होती.

माझ्या डोक्याकडे लोक कसं बघतील याची मला इतकी धास्ती का होती, ते मला तेव्हा उमगलं. ते डोळे मला बाहेर शोधायची गरज नव्हती. ते माझेच होते, तिसरीतले. मी त्या डोळ्यांनी एका उघड्या डोक्याकडे बघितलं होतं आणि त्यात काय असतं ते मला आतून माहीत होतं.

डिसेंबरअखेर दुर्गहून फोन आला. "मी तुम्हाला माफ वगैरे केलेलं नाही," ती म्हणाली, "पण ओढणी घसरते. तुमची घसरत नव्हती. कशी बांधता?" मी व्हिडिओ कॉल लावून दाखवलं. आधी आतून सुती पट्टी, गाठ मानेवर मधोमध नाही, जरा बाजूला. भुवया काढायच्या तर पेन्सिलीनं एक रेघ ओढायची नाही, बारीक बारीक केस काढायचे. पापण्या गेल्या तर बाहेर जाताना साधा चष्मा, धुळीसाठी. ती वहीत लिहून घेत होती. मग आठवड्यातून एकदा फोन येऊ लागला. तिला केमोनंतर जिभेला सगळं लोखंडासारखं लागायचं, ते ती सांगायची. मी ऐकायचे. धीर द्यायचा प्रयत्न मी कधी केला नाही.

केमोनं केस जातात ते वेगळ्या कारणानं. ती औषधं झपाट्यानं वाढणाऱ्या पेशींवर घाव घालतात आणि केसांची मुळं त्यात सापडतात. औषध थांबलं की काही महिन्यांत केस परत येतात. २०२३ च्या दिवाळीत ती भेटायला आली तेव्हा तिच्या डोक्यावर बोटभर केस होते, दाट, काळे, आणि पूर्वी सरळ होते ते आता कुरळे. सासूबाईंनी त्यावरून हात फिरवला. मीही फिरवला. आणि मला हेवा वाटला. ज्या बाईच्या पोराला आई राहील की नाही याची सहा महिने शाश्वती नव्हती तिच्या बोटभर केसांचा मला हेवा वाटला. हे मी त्या दिवशी तिला सांगितलं नाही, मागच्या वर्षी सांगितलं. ती हसली. म्हणाली, "मला तुमच्या रिपोर्टांचा वाटायचा. तुमच्याकडे रिपोर्टच नव्हते."

मधल्या काळात जून २०२२ मध्ये अमेरिकेनं मोठ्या प्रमाणातल्या चाईसाठी पोटात घ्यायच्या औषधाला पहिल्यांदा परवानगी दिली. बॅरिसिटिनिब त्याचं नाव. ते त्या चुकलेल्या पेशींना शांत करतं, पण शरीराची राखणही थोडी ढिली करतं. मला विशीत क्षय होऊन गेलेला आहे. डॉक्टर आणि मी दोघांनी मिळून नको ठरवलं. मागल्या वर्षी डोक्यावर पांढरी लव आली, दोन महिने राहिली, गेली. पूर्वी असं झालं असतं तर मी पुन्हा टॉवेल काढला असता.

गेल्या जानेवारीत, २०२५ मध्ये, माझ्या आईच्या माहेरच्या बाजूनं, शेगाव तालुक्यातून फोनांवर फोन यायला लागले. बोंडगाव, कालवड, हिंगणा आणि आसपासच्या गावांत माणसांचे केस तीनचार दिवसांत मुठीनं हातात येत होते. बाया, पोरं, म्हातारे, सगळ्यांचेच. वाहिन्यांनी त्याला 'टक्कल व्हायरस' नाव देऊन टाकलं. विहिरींचं पाणी तपासलं, बुरशी तपासली, आयसीएमआरचं पथक आलं. पुढे महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर, ज्यांना जग विंचूदंशावरच्या संशोधनासाठी ओळखतं, त्यांनी त्या गावांतल्या लोकांच्या रक्तात सेलेनियम वाढलेलं आणि झिंक कमी झालेलं असल्याचं सांगितलं आणि रेशनच्या गव्हाकडे बोट दाखवलं. बऱ्याच जणांचे केस पुढे परत येऊ लागले. पण दरम्यान पोरांनी शाळा-कॉलेजं सोडून घरी बसून घेतलं होतं, ठरलेल्या लग्नांवर पाणी पडलं होतं. किडा, विषाणू, शाप, गहू. कारण कुठलंही असो, पहिलं काम सगळ्यांनी एकच केलं होतं, दार लावून घेतलं होतं.

माझ्या मामेबहिणीची नात त्यातल्याच एका गावात, बारावीत. बोर्डाची परीक्षा महिन्यावर, आणि मुलगी खोलीतून बाहेर येईना. मला व्हिडिओ कॉल लावून दिला. पडद्यावर फक्त एक शाल दिसत होती. मी काहीच बोलले नाही, ओढणी सोडून बाजूला ठेवली आणि वही तपासत बसले. नववीच्या चाचणीचे पेपर खरोखरच राहिले होते. दहा-पंधरा मिनिटांनी शालीतून आवाज आला, "आजी, तुम्हाला थंडी नाही वाजत?" वाजते, म्हटलं, पण ओढणीनं कान गच्च होतात. मग तिनं विचारलं, पेपर कसला तपासताय? म्हटलं, बहुपदी. ती म्हणाली, ते सोपं असतं. परीक्षेला ती टोपी घालून बसली. तिचे केस आता खांद्याला लागायला आलेत म्हणे. यावेळी हेवा वाटला नाही. खरं सांगायचं तर थोडासाच वाटला.

एक हिशेब राहिला होता, भाजीवालीचा. तीन वर्षं मी तिची फुकटची कोथिंबीर खात होते. यंदा पाऊस सुरू झाल्यावर एका संध्याकाळी गिऱ्हाईक नव्हतं तेव्हा तिच्याजवळ उकिडवी बसले आणि सांगितलं की त्या दिवशी मी मान हलवली ती खोटी होती. मला मोठा आजार नव्हता. फक्त केस गेलेत, ते बहुतेक येणार नाहीत.

ती भेंडी निवडत होती. हात न थांबवता म्हणाली, "बने होगे दीदी. कैंसर नइ रिहिस." बरं झालं, कॅन्सर नव्हता. आणखी काही म्हणाली नाही.

पुढच्या खेपेला मी भाजी घेतली. तिनं हिशेब केला आणि त्यात कोथिंबिरीचे दहा रुपये धरले. मी दिले.